‘द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा १८५४ चा बांधीव खंड: घ्यावा का?

‘द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाचा जुलै ते डिसेंबर १८५४ चा बांधीव खंड, म्हणजे अनुक्रमाने पंचविसावा, मी इंग्लंडमधील एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून मागवला. युद्धकाळातील सचित्र वृत्तपत्रे जमवणाऱ्याने क्रिमियन युद्धाचा (ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान विरुद्ध रशिया, १८५३–५६) एकच खंड घ्यायचा ठरवले, तर तो हाच घ्यावा, असे माझे मत आहे. आल्मा (२० सप्टेंबर), बालाक्लाव्हा (२५ ऑक्टोबर) आणि इंकरमन (५ नोव्हेंबर) या तिन्ही लढाया याच सहामाहीत झाल्या. बालाक्लाव्हाचा सविस्तर वृत्तान्त लंडनच्या दैनिकात येण्यास १४ नोव्हेंबर उजाडला, त्यामुळे या अंकांत युद्ध नेहमीच काही आठवडे मागे चालते आणि वाचताना त्याची गंमत वाटते.

खरा आनंद चित्रांचा आहे. रणभूमीवरून चित्रकार कच्ची रेखाटने पाठवत (कॉन्स्टंटिन गी हा त्यांपैकीच एक), आणि लंडनमधील कारागीर ती बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरत. या झाडाचे खोड बारीक असल्यामुळे मोठ्या चित्रासाठी अनेक ठोकळे एकमेकांना जोडावे लागत. जोडपानावरील चित्र तिरक्या उजेडात धरले, की आकाशाच्या भागातून केसाएवढी पांढरी रेघ सरळ खाली उतरलेली दिसते. ती कागदाची घडी नसून दोन ठोकळ्यांमधील सांधा आहे. रेघेच्या एका बाजूचे ढग दुसऱ्या बाजूच्या ढगांपेक्षा किंचित जाड रेषांचे आहेत, हे एकदा लक्षात आले की नजर प्रत्येक पानावर तेच शोधू लागते. काही अंकांच्या कोपऱ्यात एक पेनी कराचा तांबडा शिक्काही आहे. वृत्तपत्रांवरील हा सक्तीचा कर १८५५ च्या मध्यास उठला, म्हणून त्यानंतरच्या खंडांत हा शिक्का असेलच अशी अपेक्षा ठेवू नये.

कागदाबद्दल नव्या संग्राहकाचा अंदाज बहुधा उलटा असतो. पहिल्या महायुद्धातील ‘द वॉर इलस्ट्रेटेड’सारखी दोन पेनींची साप्ताहिके स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदावर छापली जात, ती आज पिवळी पडलेली असतात आणि घडीवर हात लावताच तुटतात. त्यांच्याहून साठ वर्षे जुना असलेला हा खंड मात्र चिंध्यांपासून केलेल्या कागदाचा असल्यामुळे, कडेचे तांबूस ठिपके सोडले तर, अजून लवचिक आहे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हा फरक किमतीपेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

आता तक्रार. विक्रेत्याने ‘संपूर्ण’ असे लिहून पाठवलेल्या या खंडातील एक जोडपान नाही. शिवणीलगत पात्याने सफाईने कापल्याची बोटभर पट्टी तेवढी उरली आहे. विचारल्यावर त्याने थोडी रक्कम परत केली, पण पान काही मिळाले नाही. खंड फोडून एकेक चित्र चौकटीत घालून विकण्याचा धंदा जुनाच आहे, आणि ही सुटी चित्रे पुष्कळदा मागाहून हाताने रंगवलेली असतात. या साप्ताहिकाने रंगीत छपाई प्रथम १८५५ च्या नाताळात केली, तेव्हा बालाक्लाव्हाचे ‘मूळ रंगीत’ चित्र कोणी देऊ केले, तर पाकीट खिशातच ठेवावे.

बांधणी करणाऱ्याने वरची कड जरा जास्तच कापली असून कणाही सैल झाला आहे. या किमतीत तेवढे चालवून घ्यावे लागते. खंड अवजड असल्यामुळे टपालखर्च बराच येतो, म्हणून तो आधीच विचारावा, आणि पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून सर्व जोडपानांची छायाचित्रे व पृष्ठक्रमांकांची सलग पडताळणी लेखी मागून घ्यावी.