आई-बाबांना इंग्लंडमधलं खेडं दाखवायचंय: लेकॉक की कॅसल कूम?

लंडन बघून झालं की आई-बाबांची फर्माईश येतेच, ‘आता एखादं खेडं दाखव.’ विल्टशरमधली ही दोन्ही गावं चिपनमजवळच आहेत, त्यामुळे आधी कुठे जावं हा प्रश्न पडतो.

दिसायला कॅसल कूम उजवं, यात वाद नाही. बायब्रुक ओढ्यावरचा पूल, विणकरांची मधाच्या रंगाची दगडी घरं, चौदाव्या शतकातला छपराचा मार्केट क्रॉस, म्हणजे जुन्या बाजाराच्या जागेवरचा दगडी मंडप. चर्चमधल्या जुन्या घड्याळाला तबकडीच नाही, तास फक्त ऐकायचे. मला ते फार आवडतं.

अडचण आहे ती चढाची. पार्किंग वर टेकावर, गाव खाली दरीत. उतरताना काही वाटत नाही, परतताना मात्र तोच रस्ता चढायचा, तोही सलग फूटपाथ नसलेला. माझ्या आईचे गुडघे दुखतात. पुलावर फोटो काढतानाही तिचं लक्ष त्या चढाकडेच. मग चहा नको, चर्च नको, ‘चला, हळूहळू निघू या.’ आई-बाबांना खाली सोडून गाडी वर लावता येते, पण गल्ली अरुंद, थांबलं की मागे रांग लागते. पाय धड असलेल्यांना हे जाणवणारही नाही कदाचित. माझा निकाल मात्र तिथेच लागला.

लेकॉक सपाट. पार्किंगपासून रमतगमत गावात पोचता येतं. जवळजवळ सगळं गाव १९४४ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, त्यामुळे घरांवरून तारा लोंबत नाहीत. शिवाय पाऊस आला तर आत शिरायला अ‍ॅबी आहे: तेराव्या शतकात एला या सॅलिसबरीच्या काउंटेसने स्थापलेला नन्सचा मठ, पुढे टॉलबट घराण्याचं घर. तिथल्याच एका जाळीदार खिडकीचा फोटो त्याच घराण्यातल्या, फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या हेन्री फॉक्स टॉलबटने १८३५ मध्ये घेतला. आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच, जेमतेम टपाल तिकिटाएवढी. भिंगातून काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता येत, असं त्याने लिहून ठेवलंय. बाबांनी उमेदीत घरी डार्करूममध्ये फिल्म धुतल्या आहेत. खिडकीपाशी उभे राहून ते बोटाने चौकोन मोजत होते, आणि आईलाही निघायची घाई नव्हती.

अ‍ॅबीला तिकीट आहे, गाव फिरायला पैसे पडत नाहीत. अ‍ॅबीच्या वेळा आधी बघून घ्या. दोन्ही गावं करायचीच असतील तर कॅसल कूम सकाळी, पाय ताजे असताना उरका आणि उरलेला दिवस लेकॉकला द्या.