पोलिसांपुढील जबाब की दंडाधिकाऱ्यांपुढील कबुली?

नाशिकमध्ये चौकशीसाठी बोलावलेल्या संशयिताचे म्हणणे दोन ठिकाणी नोंदवले जाऊ शकते: पोलीस ठाण्यात किंवा सीबीएस (मध्यवर्ती बस स्थानक) जवळच्या न्यायालयात दंडाधिकाऱ्यांसमोर. संविधानाच्या अनुच्छेद 20(3) चे संरक्षण (आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही) दोन्हीकडे सारखेच असले, तरी प्रत्यक्षात ते सारखे मिळत नाही.

ठाण्यातील जबाब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 180 नुसार घेतला जातो. स्वतःवर आरोप ओढवेल अशा प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन तेथे नाही, जबाबावर सही घेता येत नाही आणि पोलिसांपुढील कबुली पुरावा ठरत नाही. मात्र त्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर तेवढा भाग न्यायालयात येतो. माझ्या मते खरी फट हीच, कारण बोलते करण्याचा मोह तिच्यामुळेच टिकून राहतो. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, पण वकील पूर्णवेळ शेजारी बसू शकत नाही.

याच संहितेच्या कलम 183 खाली दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेल्या कबुलीची रीत निराळी आहे. कबुली देण्याचे बंधन नाही आणि दिल्यास ती विरोधात वापरली जाऊ शकते, हे दंडाधिकाऱ्यांना आधी समजावून सांगावे लागते, आणि ती स्वेच्छेने दिली जात असल्याची खात्री झाल्याशिवाय नोंदवता येत नाही. संशयिताने ऐनवेळी नकार दिला, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडता येत नाही. (ही तरतूद अनेक आरोपींना ठाऊकच नसते.) अर्थात, येथील कबुलीवर सही असते आणि ती थेट पुरावा ठरते, म्हणून वकिलाशी बोलल्याखेरीज हा मार्ग धरू नये.