लस कमी, रांग मोठी: आधी कुणाला द्यायची?

लसीकरणाचं राष्ट्रीय धोरण ठरवताना सगळ्यात जास्त वाद होतो तो पहिले डोस कुणाला यावर. माझ्या मते हा वाद बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरू होतो, म्हणजे कोण जास्त महत्त्वाचं यावर आधी भांडायचं आणि ती लस नेमकं काय करते हे मागाहून विचारायचं. लस फक्त गंभीर आजार टाळते की संसर्ग पुढे जाणंही अडवते, हे कळल्याशिवाय यादी करायला बसूच नये, कारण सगळं गणित तिथेच फिरतं.

कोविडच्या वेळी दोन देशांनी अगदी उलट निर्णय घेतले ते बघा. ब्रिटनमध्ये ८ डिसेंबर २०२० ला सुरुवात झाली, यादीत सगळ्यात वर वृद्धाश्रमातले लोक आणि तिथला स्टाफ, मग ८० च्या पुढचे आणि आरोग्य कर्मचारी, आणि तिथून वय उतरत उतरत खाली. इंडोनेशियाने जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात केली पण सामान्य लोकांमध्ये १८ ते ५९ वयोगट पुढे ठेवला, विचार असा की कामासाठी बाहेर पडणारे हेच, घरी आजार आणणारेही हेच, शिवाय त्यांच्याकडे जी लस होती तिची ज्येष्ठांवरची माहिती तेव्हा अपुरी होती.

मला विचाराल तर त्या परिस्थितीत वयाची रांगच बरोबर. कोविडमध्ये मृत्यूचा धोका वयाबरोबर एकदम चढत जातो, त्यामुळे थोड्याच डोसमध्ये खूप जीव वाचतात, आणि लस संसर्ग किती अडवते हे तर तेव्हा नीट माहीतच नव्हतं, मग तरुणांना देऊन म्हातारे वाचतील यावर सगळं लावायचं कसं? दुसरं, वय तपासायला सोपं. आजारांची यादी केली की डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि ज्यांची डॉक्टरपर्यंत पोच आहे तेच पुढे सरकतात. तोटा एवढाच की किडनी बदललेला तिशीतला पेशंट मागे राहतो, त्याच्यासाठी यादीत वेगळी जागा ठेवावीच लागते, ती विसरायची नाही.

पण हेच सूत्र प्रत्येक आजाराला लावलं तर फसगत होते. फ्लू घ्या. तो शाळकरी मुलांमधून भरपूर पसरतो आणि म्हाताऱ्यांच्या शरीरात लसीचा परिणाम कमी दिसतो, म्हणून मुलांना देऊन आजी-आजोबांना वाचवणं हा तिथे खरंच विचार करण्यासारखा पर्याय आहे. जपानने १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली, १९९४ मध्ये हा कार्यक्रम बंद झाला, आणि पुढे आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की कार्यक्रम चालू असताना ज्येष्ठांचे मृत्यू कमी होते आणि मुलांची लस थांबत गेली तसे ते वाढले. ब्रिटननेही २०१३ पासून मुलांना नाकातून देण्याची लस सुरू केली.

आता रुबेला, आणि हे उदाहरण धोरण ठरवणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं असं मला मनापासून वाटतं. लहान मुलांना हा आजार किरकोळ, पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला झाला तर बाळ बहिरं, हृदयात दोष असलेलं, मोतीबिंदू घेऊन जन्माला येऊ शकतं. अमेरिकेने १९६९ पासून सगळ्या लहान मुलामुलींना लस दिली, म्हणजे विषाणूची साखळीच तोडायची. ब्रिटनने १९७० पासून फक्त वयात येणाऱ्या मुलींना दिली, म्हणजे साखळी राहू दे, होणाऱ्या आया सुरक्षित करू. मुलींच्या मार्गात गडबड अशी की एखादी मुलगी सुटली की ती सुटलीच, आजूबाजूला विषाणू फिरतोच आहे. शेवटी १९८८ मध्ये ब्रिटनही सगळ्या मुलांना देण्यावर आलं. पण पहिला मार्ग अर्धवट केला तर जास्त वाईट! ग्रीसमध्ये मुलांना लस सुरू होती पण बरीच मुलं वगळली जात होती, आजार कमी फिरू लागला, त्यामुळे कित्येक मुली लहानपणी ना लस मिळाली ना आजार झाला अशा मोठ्या झाल्या, आणि १९९३ च्या साथीत बाधित बाळं जन्माला आली. म्हणून जागतिक आरोग्य संघटना म्हणायची की किमान ८० टक्के मुलांपर्यंत पोचता येत असेल तरच ही लस सुरू करा.

रुग्णाभोवतीच्या लोकांना शोधून लस देणं हा तिसरा मार्ग, देवीच्या वेळी तो जबरदस्त चालला. १९६६ च्या शेवटी नायजेरियात लस कमी पडली म्हणून रुग्ण शोधून त्यांच्या संपर्कातल्यांनाच दिली आणि साथ थांबली. देवीत पुरळ दिसायचं, पसरायची मुख्यतः त्यानंतर, आणि संपर्कानंतर तीन-चार दिवसांत लस दिली तरी उपयोग व्हायचा. कोविड लक्षणं दिसायच्या आधीच पसरतो, तिथे हे जमत नाही.

लस कमी असताना पहिला डोस जास्त लोकांना मिळावा म्हणून दोन डोसमधलं अंतर वाढवायचं का, याला मी होच म्हणेन, पण पहिला डोस एकटा चांगलं संरक्षण देत असेल तरच. ब्रिटनने डिसेंबर २०२० च्या शेवटी अंतर १२ आठवड्यांपर्यंत नेलं ते याच हिशोबाने.

आणि हे सगळं करताना नेहमीचं लसीकरण थांबवणं हा पर्याय माझ्या यादीत नाहीच. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या लोकांमध्ये १२ ते १८ जणांना आजार देतो, तो रोखायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस लागतात, आणि देशाची सरासरी छान दिसत असतानाही एखाद्या वस्तीत निम्मी मुलं राहिलेली असू शकतात, साथ तिथूनच उठते. त्यामुळे पैसे एकाच कामापुरते असतील, एकीकडे नवीन महागडी लस आणि दुसरीकडे एकही डोस न मिळालेल्या मुलांच्या दारापर्यंत नर्स पाठवणं असेल, तर मी आधी नर्स पाठवेन.