शिवाजीनगर कोर्टाजवळच्या नोटरी मॅडम: साडेचार स्टार

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट गहाळ झाल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. गेटबाहेर मागे लागणाऱ्यांपैकी एक तर म्हणाला, "आधारची झेरॉक्स द्या, सही घरून करून आणली तरी चालेल." त्याला लांबूनच नमस्कार! मॅडमनी मात्र मूळ आधार कार्ड मागितलं, मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला, सही समोर बसवून घेतली आणि रजिस्टरातही घेतली. मग गोल शिक्का. इतका ठसठशीत, की नाव, नोंदणी क्रमांक, कार्यक्षेत्र सगळं चष्म्याशिवाय वाचता येतं.

भाच्याला नुकतीच सनद मिळालीय, म्हणून सहज विचारलं, नोटरी कसं होता येतं? शिक्का मारता मारताच म्हणाल्या, "काका, लगेच नाही हो. किमान १० वर्षं वकिली लागते. महिला, एससी, एसटी, ओबीसी असतील तर ७. मग सरकारकडे अर्ज. प्रमाणपत्रही ५ वर्षांचंच, पुढे नूतनीकरण." भाच्याला फोन केला, तर तिकडून नुसतं "हं".

फी आधीच सांगितली, पावती न मागता मिळाली. अर्धा स्टार कापला तो स्टुलासाठी. एकच आहे आणि तेही डुगडुगतं. जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका.