बाहुली निवडताना: कपडे बघायचे की कंबर?

चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी बाहुली घ्यायची म्हटलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बार्बी घ्यावी की नको? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. गेल्या साठ वर्षांत जपान, सीरिया, इराण, नायजेरिया अशा कितीतरी देशांनी बार्बीला पर्याय म्हणून आपापल्या बाहुल्या काढल्या. त्या शेजारी शेजारी मांडून बघा. बहुतेकांनी कपडे बदलले, रंग बदलला, नाव बदललं, एखादी नोकरीही दिली. शरीराला मात्र फार थोड्यांनी हात लावला. आणि लहान मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी जे रुजतं, त्याचा संबंध बाहुलीच्या अंगावरच्या झग्यापेक्षा तिच्या बांध्याशी जास्त आहे.

म्हणून प्रत्येक बाहुलीला मी दोनच प्रश्न विचारले आहेत. हे शरीर कुणाचं आहे? आणि हिला हातात घेतल्यावर मूल काय काय होऊ शकतं?

बार्बी

तिच्याबद्दल आधी एक चांगली गोष्ट सांगायला हवी. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली गेली, तेव्हा अमेरिकेतल्या मुलींच्या हातात बहुतेक करून तान्ह्या बाळांच्या बाहुल्या असत. त्या खेळात मुलीला एकच भूमिका मिळायची, आईची. आपली मुलगी कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका बनवते हे मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीची सहसंस्थापक रूथ हँडलर हिने पाहिलं होतं, आणि बार्बीची कल्पना तिथून आली. १९६२ मध्ये बार्बीला स्वतःचं घर मिळालं, १९६५ मध्ये ती अंतराळवीर झाली. नवरा नाही, मूल नाही, पण घर आहे आणि काम आहे. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

पण शरीर? ते आलं जर्मनीच्या ‘बिल्ड लिली’ नावाच्या बाहुलीकडून. वर्तमानपत्रातल्या एका व्यंगचित्रातून जन्मलेली ती बाहुली मुळात मोठ्या माणसांसाठी होती. अंतराळवीर बार्बी आली त्याच १९६५ साली दुसऱ्या एका संचात बार्बीसोबत वजनकाटा मिळत होता. तो ११० पौंडांवर, म्हणजे सुमारे ५० किलोंवर, कायमचा थांबलेला होता. सोबत वजन कमी करण्याचं इवलंसं पुस्तक होतं आणि त्याच्या मलपृष्ठावर एकच सल्ला: खाऊ नका. एका खोक्यात अंतराळ आणि दुसऱ्या खोक्यात उपास. बार्बीबद्दलची माझी सगळी घालमेल या दोन खोक्यांमध्ये आहे.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बार्बी आणि तिचा मित्र म्हणून विकला जाणारा बाहुला केन यांची मापं माणसाच्या उंचीइतकी वाढवून पाहिली. केनसारख्या बांध्याचा पुरुष साधारण ५० जणांत एक सापडू शकतो. बार्बीसारख्या बांध्याची बाई? एक लाखात एक. मुलाला दिलेला आदर्श अवघड होता, मुलीला दिलेला जवळजवळ अशक्य.

याचा परिणाम होतो का, हे ब्रिटनमध्ये २००६ साली तपासलं गेलं. ५ ते ८ वर्षांच्या १६२ मुलींपैकी काहींना बार्बीची चित्रं दाखवली, काहींना एमी या भरल्या अंगाच्या बाहुलीची, तर काहींना बाहुली नसलेली चित्रं. बार्बी पाहिलेल्या लहान मुलींचं स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान कमी भरलं आणि अधिक बारीक असावं ही इच्छा वाढलेली दिसली. गटातल्या सर्वांत मोठ्या मुलींमध्ये हा तात्काळ परिणाम तसा दिसला नाही. निवड करणाऱ्याच्या दृष्टीने हा भाग फार महत्त्वाचा आहे. पाच-सहा-सात या वयात बाहुली नुसती हातात राहत नाही, ती मोजपट्टी होते.

‘मग डॉक्टर बार्बी घेऊ’ असं अनेकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. २०१४ मध्ये अमेरिकेत ४ ते ७ वर्षांच्या ३७ मुलींना पाच मिनिटं खेळायला दिलं: काहींना डॉक्टर बार्बी, काहींना फॅशन बार्बी, काहींना ‘मिसेस पोटॅटो हेड’ म्हणजे नाक-डोळे खोचायचा बटाटा. नंतर विचारलं, मोठी झाल्यावर तू कुठली कामं करू शकशील, आणि मुलगे कुठली करू शकतील? बार्बीशी खेळलेल्या मुलींनी स्वतःसाठी मुलग्यांपेक्षा कमी कामं सांगितली. त्या बार्बीने डॉक्टरचा कोट घातला होता की पार्टीचा झगा, याने फरक पडला नाही. बटाट्याशी खेळलेल्या मुलींच्या उत्तरांत मात्र मुलगे आणि मुली जवळजवळ बरोबरीला होते. प्रयोग छोटा आहे आणि पाच मिनिटांवरून आयुष्याचा निष्कर्ष काढू नये. तरीही नुसता कोट चढवून भागत नाही, एवढं यातून मला पटलं.

२०१६ मध्ये बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने शेवटी शरीराला हात लावला आणि भरल्या अंगाची, ठेंगणी आणि उंच असे तीन नवे बांधे आणले. पुढे व्हीलचेअरवरची बार्बी आली, २०२३ मध्ये डाउन सिंड्रोम असलेली आली. बदल खरा आहे. पण ३ ते १० वर्षांच्या मुलींना हे बांधे दाखवून कुणाशी खेळायला आवडेल असं विचारलं गेलं, तेव्हा भरल्या अंगाची बार्बी त्यांना सर्वांत कमी हवी होती. बाहुली बदलेपर्यंत मुलींच्या डोळ्यांना बारीकपणाची सवय लागून गेलेली होती.

लिका-चान

पहिल्या बार्बी जपानमध्येच तयार होत होत्या आणि त्यांचे कपडे जपानी बायका घरी बसून शिवत होत्या. तरी तिथल्या मुलींसाठी ताकारा कंपनीने १९६७ मध्ये वेगळीच बाहुली काढली. लिका-चान ११ वर्षांची आहे, पाचवीत शिकते, उंची जेमतेम २१ सेंटिमीटर, छाती सपाट, चेहरा गोल. आई फॅशन डिझायनर, वडील फ्रेंच.

शरीराच्या कसोटीवर मला ही सर्वांत उजवी वाटते. खेळणारी मुलगी आणि बाहुली यांच्यात थोड्याच वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे ‘मी अशी कधी होणार’ हा प्रश्न लांब राहतो. पुढे १९८२ मध्ये ताकाराने परवाना घेऊन खुद्द बार्बी बनवली, तेव्हा तिचाही चेहरा-बांधा तिथल्या मुलींच्या आवडीनुसार बदलला. १९८६ मध्ये करार संपला आणि त्याच बाहुलीचं नाव जेनी झालं. म्हणजे शरीर बदलता येतं, आणि बदललेलं शरीर विकलंही जातं.

भूमिकांच्या बाबतीत मात्र लिकाचं जग आखलेलं आहे: गोंडस राहणं, नटणं, घर आणि दुकान. शरीर मुलीला मोकळं सोडतं, गोष्ट तितकी सोडत नाही. ती गोष्ट घरच्यांनी वाढवावी लागेल.

फुल्ला, आणि सारा-दारा

या दोघींना लोक एकाच खणात टाकतात. त्या फार वेगळ्या आहेत.

फुल्ला २००३ मध्ये सीरियातल्या न्यूबॉय कंपनीने आणली. नाव मोगऱ्यावरून. अबाया, डोक्यावर स्कार्फ, नमाजाची चटई, आणि केनसारखा मित्र नाही. नंतर ती शिक्षिका आणि डॉक्टरही झाली. ज्या घरांत मुलीला आपल्या आईसारखी दिसणारी बाहुली कधी मिळालीच नव्हती, तिथे तिचं काय मोल असेल, हे बाहेरून बघणाऱ्याने हलक्यात घेऊ नये. पण अबाया उतरवली की छाती जरा कमी केलेली, उंची बार्बीइतकीच आणि कंबर तितकीच बारीक. अंग झाकलं गेलं, मोजपट्टी तीच राहिली.

इराणमध्ये मुलांच्या बौद्धिक विकासासाठीच्या सरकारी संस्थेने २००२ मध्ये सारा आणि दारा आणले. ही आठ वर्षांची जुळी भावंडं आहेत. त्यांच्यामागचा हेतू बार्बीला रोखण्याचा, म्हणजे राजकीय होता. तरी खेळणं म्हणून पाहिलं तर दोन गोष्टी मला फार आवडतात. शरीर लहान मुलाचं आहे. आणि मुलगा बाहुलीच्या खेळात नायिकेचा जोडीदार म्हणून नव्हे, भाऊ म्हणून येतो. अशी मांडणी इतकी दुर्मीळ आहे की हेतू बाजूला ठेवून तिची दखल घ्यायला हवी.

क्वीन्स ऑफ आफ्रिका

बाहुलीचा वर्ण महत्त्वाचा आहे का, याचं उत्तर १९४० च्या दशकातच मिळालं होतं. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोरी आणि सावळी अशा दोन बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी निवडली, ‘चांगली’ म्हणूनही तिच्याकडेच बोट दाखवलं. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या कामाची दखल घेतली.

नायजेरियात तौफिक ओकोया यांनी २००७ मध्ये योरुबा, इग्बो आणि हौसा या तीन समाजांच्या मुली बाहुलीरूपात आणल्या, त्यांच्या पोशाखांसह आणि केसांसह. सुरुवातीला त्यांनी भरल्या अंगाच्या बाहुल्या करून पाहिल्या, पण मुलांना त्या आवडल्या नाहीत. म्हणून विक्रीसाठी सडपातळच ठेवल्या. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. अमेरिकेत जे दिसलं तेच इथे, दुसऱ्या खंडात, दुसऱ्या वर्णाच्या मुलांमध्ये. वर्णाची लढाई ही बाहुली जिंकते. कंबरेची हरते.

लॅमिली

निकोलाय लॅम या अमेरिकन कलाकाराने लोकवर्गणीतून २०१४ मध्ये आणलेली ही बाहुली १९ वर्षांच्या सरासरी अमेरिकन मुलीच्या मापांवर बेतलेली आहे. मुरूम, वळ, ओरखडे यांचे स्टिकर वेगळे मिळतात आणि ते हवे तिथे चिकटवता येतात. पुढे मासिक पाळीचा संचही आला. तो आठ-नऊ वर्षांच्या मुलीशी बोलायला फार उपयोगी आहे. पाच वर्षांच्या मुलीला यातलं काही नको असतं, तिला बाहुलीची वेणी घालायची असते.

मुलग्यांच्या बाहुल्या

हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९६४ मध्ये जी. आय. जो हा सैनिक बाहुला आणला आणि त्याला बाहुली म्हणायचं नाही, असं ठरवलं. ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द तिथून रूढ झाला. मुलगा बाहुलीशी खेळतो असं दिसू नये, एवढ्यासाठी एक शब्द घडवावा लागला.

या शब्दाआड शरीराचा प्रश्नही लपला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या दशकांतले हे पुतळे मोजले. १९९० च्या दशकातल्या एका जी. आय. जोच्या दंडाचा घेर माणसाच्या मापात २६ इंचांहून जास्त भरला. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेतल्या मल्लांनाही तो साधणारा नाही. मुलीची बाहुली घेताना कंबर बघणारे आपण, मुलग्याच्या खेळण्याचा दंड कधीच बघत नाही. बघायला हवा.

त्याहून मोठं नुकसान खेळाचं आहे. बाहुलीला झोपवणं, भरवणं, समजूत काढणं, तिच्या मनात काय चाललंय याची कल्पना करणं, हे सगळं मुलग्याच्या वाट्याला येतच नाही, कारण त्याच्या पुतळ्याला फक्त लढायचं असतं. ब्रिटनमध्ये २०२० साली झालेल्या एका अभ्यासात बाहुल्यांशी एकट्याने खेळतानाही, दुसऱ्याच्या मनाचा विचार करताना जागा होणारा मेंदूचा भाग सक्रिय झालेला दिसला, आणि तो मुलगे-मुली दोघांतही. या अभ्यासाला पैसा मॅटेलचा होता, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. पण मुलग्यांना बाहुली द्यावी यासाठी मला त्याची गरजही वाटत नाही.

चेहरा नसलेल्या बाहुल्या

अमेरिकेतल्या आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या चिंध्यांच्या बाहुल्यांना परंपरेने चेहराच नसतो, कारण धार्मिक. वॉल्डॉर्फ या शिक्षणपद्धतीतल्या कापडी बाहुल्यांना डोळे-तोंड म्हणून नुसते टिपके असतात, म्हणजे बाहुली हसते की रडते हे मुलाने ठरवायचं. दोन्हींत मऊ, गुबगुबीत अंग आणि मापाचा पत्ता नाही. पाचच्या आतल्या कुठल्याही मुलाला, मुलगा असो वा मुलगी, मी डोळे मिटून हीच देईन.

मग घ्यायचं काय?

पाच ते आठ हे नाजूक वय. इथे लहान मुलाच्या शरीराची बाहुली घ्या: लिकासारखी, सारा-दारासारखी, किंवा कुठल्याही बनावटीची, फक्त अंग मुलाचं हवं. बाहुलीचा वर्ण आणि केस आपल्या मुलासारखे असलेली मिळत असेल तर ती आधी. आठच्या पुढे मुलीला मोठी बाई हवीच असेल तर लॅमिली, नाहीतर बार्बीचे दोन-तीन वेगळे बांधे एकदम. एकटी भरल्या अंगाची बार्बी घेऊ नका, ती ‘जाडी मैत्रीण’ होऊन बसते.

दुकानातल्या गुलाबी-निळ्या पाट्यांकडे लक्ष देऊ नका. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी रंग मुलग्यांना शोभतो असं लिहिलं होतं, कारण तो ठसठशीत. स्पेनमध्ये तर डिसेंबर २०२२ पासून खेळण्यांच्या जाहिरातींनी असा भेद करू नये, अशी संहिताच लागू आहे.

आणि घरात आधीच पाच बार्बी असतील तर? त्या काढून घेऊ नका, मुलाचा जीव असतो त्यांच्यात. त्यांच्या शेजारी एक कापडी बाळ, एक मुलगा बाहुला आणि तो बटाटा आणून ठेवा. मग खेळात मुलं त्यांना काय म्हणतात ते ऐका. ‘ही जाडी आहे, हिला नको घेऊ’ असं कानावर आलं, तर तिथेच जमिनीवर बसा आणि त्या बाहुलीला तुमच्या हातात घ्या.