घरकामगार नोंदणीचे अ‍ॅप: हिशेब चोख, माहिती मात्र उघड्यावर

घरकामासाठी माणूस शोधणे, हजेरी ठेवणे आणि पगार देणे ही कामे एकाच जागी व्हावीत म्हणून मी हे अ‍ॅप घेतले. हिशेबाच्या बाबतीत ते खरोखर चांगले आहे. खाडे, उचल आणि देणे रक्कम लगेच दिसते, शिवाय पगाराची पावती थेट मावशींच्या फोनवर जाते.

माझा आक्षेप ‘शेअर’ या बटणाला आहे. ते दाबले की कामगाराचे कार्ड तयार होते आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फेसबुकवर टाकता येते. त्यावर छायाचित्र, पूर्ण मोबाइल क्रमांक, मूळ गाव, कोणत्या घरी किती वाजता काम असते याचे वेळापत्रक आणि आधीच्या घरांचे शेरे, असे सगळे असते. आमच्या मावशींच्या कार्डावर ‘पोटाच्या दुखण्यामुळे वारंवार खाडे’ असा शेरा होता. त्यांच्या आजारपणाची नोंद त्यांना न विचारता गावभर फिरवता यावी, हे मला अजिबात मान्य नाही.

संमती घेतली जाते, असे कंपनी सांगते. प्रत्यक्षात मावशींच्या फोनवर ओटीपी येतो, त्या तो आपल्याला वाचून दाखवतात आणि तेवढ्यावर संमती धरली जाते. अटी फक्त इंग्रजीत आहेत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती स्वेच्छेने आणि माहिती घेऊन दिलेली असावी लागते, आणि ती मागताना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील (म्हणजे मराठीसारख्या) भाषांचा पर्याय द्यावा लागतो. त्यातही, जिचे काम समोरच्याच्या मर्जीवर आहे ती बाई नकार कसा देणार?

हा घरगुती मामला आहे, त्यात कायदा कशाला, असे अनेकांना वाटते. वैयक्तिक किंवा घरगुती वापराला या कायद्यात सूट आहे, हे खरे. तशी ती युरोपातही आहे. परंतु स्वीडनमधील एका महिलेने चर्चमधील सहकाऱ्यांची माहिती, त्यातल्या एकीच्या पायाच्या दुखापतीसह, संकेतस्थळावर टाकली, तेव्हा अगणित लोकांना खुली केलेली माहिती या सवलतीत बसत नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २००३ मध्येच दिला. आपली घरगुती पगारवही आणि शेकडो अनोळखी लोकांचा फेसबुक गट यांतला फरक नेमका हाच आहे.

मी लेखी तक्रार केल्यावर ‘माहिती वापरकर्तेच भरतात’ असे उत्तर आले. परंतु शेऱ्यांचा रकाना, कार्डाचा साचा आणि ते बटण कंपनीनेच बनवले आहे. कामगाराला स्वतःचे खाते मिळावे, आपल्याविषयीचे शेरे पाहता, दुरुस्त करता आणि काढून टाकता यावेत, आणि कार्डावरून क्रमांक व वेळापत्रक हटवावे, एवढे केले तर मी हे अ‍ॅप आनंदाने सुचवीन. सध्या हिशेबापुरते पाचपैकी दोन तारे; मावशींची बाकीची माहिती मी त्यातून काढून टाकली आहे.