बाहेर पाठवायचं की हाताखाली घ्यायचं? सिनेगॉगची पुढची फळी घडवताना

बेने इस्राएलींच्या, म्हणजे कोकणातल्या आपल्या ज्यू समाजाच्या, कुठल्याही सिनेगॉगच्या (प्रार्थनामंदिराच्या) बैठकीत बसा, अलिबागला, पेणला, ठाण्याला की पुण्यात, चहा फिरून झाला की एकच प्रश्न निघतो. समितीतले बहुतेक साठीच्या पुढचे. तरुणांमध्ये मनापासून रस घेणारा एखादा मुलगा किंवा मुलगी. ट्रस्टकडे शिल्लक बेताची. मग या एका माणसावर वेळ आणि पैसा घालायचा तर कुठे? मी ज्या सिनेगॉगची विश्वस्त आहे तिथे गेल्या पंधरा वर्षांत आम्ही हा प्रश्न तीन वेळा, तीन वेगवेगळ्या वाटांनी सोडवून पाहिला. तुम्ही आत्ता त्याच जागी असाल तर आमचा अनुभव कामी यावा.

वाटा पाहण्याआधी काम काय आहे ते पाहू, कारण तिथेच बहुतेक समित्या घाई करतात.

शुक्रवारी सकाळी आमच्याकडे रात्रभर भिजलेल्या काळ्या मनुका कुस्करून गाळतात. ते किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या (शनिवारच्या पवित्र दिवसाच्या) आशीर्वादाचं, शरबत. एकीकडे ते चाललेलं असतं आणि दुसरीकडे कोणीतरी फोनवर असतं: "मामा, उद्या सकाळी येताय ना? आठ झालेत, दोन कमी पडतायत." दहा पुरुष जमले नाहीत तर मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेची गणसंख्या, होत नाही, आणि मिन्यान नसेल तर सेफेर तोरा, ही धर्मग्रंथाची गुंडाळी, हेखालातून (तिच्या कपाटातून) बाहेर काढून वाचता येत नाही. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला आणायला रिक्षा पाठवावी लागते, कोण कोणावर रुसलंय म्हणून येत नाही, हे सगळं ज्याच्या डोक्यात असतं तोच ते दोघे आणू शकतो.

हे झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं कागदांचं. कायद्याच्या लेखी आपलं सिनेगॉग ही सार्वजनिक विश्वस्त संस्था, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली. विश्वस्त वारला, त्याने राजीनामा दिला किंवा नवा आला, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. हिशेब दरवर्षी तपासून घ्यायचे. जागा विकायची असेल तर कलम ३६ खाली आधी मंजुरी घ्यायची. परदेशी नागरिक झालेल्या नातेवाइकांनी प्रेमाने पैसे पाठवायचे म्हटले तरी परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते.

आमच्या ट्रस्टचे दोन विश्वस्त पाठोपाठ वारले, आणि त्या दुःखात बदल अर्ज द्यायचा राहून गेला. चार वर्षांनी सह्या जुळत नाहीत म्हणून बँकेने खातं थांबवलं. छपराची कौलं बदलायला लागणारे पैसे खात्यात होते, पण काढता येईनात. त्या जूनमध्ये तेबावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, ताडपत्री बांधून आम्ही शब्बाथ केला. तेव्हापासून कोणी मला 'नेतृत्व विकास' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ती ताडपत्री येते. दहा माणसं जमवणारा आणि कागद वेळेवर भरणारा, हे दोन्ही एकाच माणसात किंवा एकमेकांशी पटणाऱ्या दोघांत मिळाले पाहिजेत.

हाताखाली घेणं

ही आपली सगळ्यात जुनी वाट. मुकादम, चौगुला (त्याचा मदतनीस), गब्बाय, हझ्झान (प्रार्थना चालवणारा), शम्माश (सिनेगॉगची देखभाल करणारा) ही आपल्या मंडळींची पदं. त्यातले मुकादम आणि चौगुला हे शब्द तर थेट कोकणच्या गावगाड्यातले. भांडण मिटवायचं तर मुकादमाने, तिजोरी सांभाळायची गब्बायने. या पदांचं शिक्षण त्या त्या माणसाच्या शेजारी बसूनच होत आलं. त्याच्याही मागे जा. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची, तेलाचे घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांची जी परंपरा आपण सांगतो, तिच्यात दाविद राहबी हा धर्मशिक्षक येतो. त्याने झिराडकर, राजपुरकर आणि शापुरकर अशा तीन घराण्यांतले तरुण निवडले, त्यांना धर्मविधी शिकवले आणि गावोगाव फिरायला लावलं. तेच काझी. त्याने एकावर भिस्त ठेवली नाही, तिघे निवडले, हे मला त्या कथेतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

या वाटेला खर्च जवळजवळ नाही. प्रार्थनेच्या चाली पुस्तकातून येत नाहीत, त्या कानावर पडूनच बसतात. मलिद्याच्या, म्हणजे आपल्या आभाराच्या विधीच्या, ताटात गुळाचे पोहे, खोबरं, खजूर, फळं कशी मांडायची आणि एलियाहू हनवी या प्रेषिताचं नाव कधी घ्यायचं, हे घरच्या घरीच शिकायचं. शिकणारा आधीपासून सगळ्यांचा ओळखीचा असतो, म्हणून मामा त्याच्या फोनवर येतात.

पण हाताखाली घेणारा हात सैल सोडत नाही. आमचा पहिला उमेदवार अकरा वर्षं एका ज्येष्ठांच्या हाताखाली होता. अकरा वर्षांत त्याने एकाही धनादेशावर सही केली नाही, एकही बैठक स्वतः घेतली नाही. शेवटी तो कंटाळला आणि सणापुरता येऊ लागला. दोष त्याचा नव्हता. दुसरं असं, की या वाटेने मुली फार उशिरा आत आल्या. आणि गुरूने कागद नीट भरले नसतील तर शिष्यही तीच सवय उचलतो.

मुंबईच्या संस्थांमध्ये तयार करणं

१९६० च्या दशकापासून मुंबईत ज्यू समाजासाठी बाहेरच्या मोठ्या संस्थांचं काम आहे. ओआरटी व्यवसायशिक्षणातून सुरू झाली, तर 'जॉइंट' म्हणून ओळखली जाणारी अमेरिकन ज्यूंची मदतसंस्था वृद्धांची देखभाल, गरजूंना मदत आणि तरुणांचे उपक्रम पाहते. यांच्याबरोबर किंवा ज्यू कम्युनिटी सेंटरमध्ये स्वयंसेवक म्हणून वर्ष-दोन वर्षं काढलेला तरुण शिबिर आखतो, अंदाजपत्रक बसवतो, अहवाल लिहितो, अनोळखी माणसांसमोर उभा राहून बोलतो. आमच्या दुसऱ्या उमेदवाराला याचा फार फायदा झाला. आमच्याकडे पहिल्यांदा बैठकीचं इतिवृत्त टाइप होऊन, तारखेसह, सगळ्यांच्या हातात आलं ते त्याच्यामुळे.

अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. शहरातला उपक्रम म्हणजे साठ मुलं, सभागृह, बस. आमच्याकडे एरवी चार घरं आणि सणाला मुंबईहून आलेल्या गाड्या. तो प्रत्येक वेळी मोठा कार्यक्रम आखायचा, आणि माणसं नाहीत म्हणून खट्टू व्हायचा. लहान गावात महिन्यातून एकदा चार घरी जाऊन बसणं हेच काम आहे, हे त्याला सांगायला आम्ही उशीर केला. ठाण्यासारख्या ठिकाणी, जिथे कुटुंबं आणि मुलं दोन्ही आहेत, मी ही वाट बिनदिक्कत पहिली धरीन. रेवदंड्याला तसं म्हणणार नाही.

परदेशी पाठवणं

इथे तीन अगदी निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते.

'बर्थराइट' ही १९९९ पासूनची इस्रायलची दहा दिवसांची तरुणांसाठीची मोफत सहल. तिथून मुलं उजळलेल्या चेहऱ्याने येतात, आणि ते मोलाचंच आहे. पण दहा दिवसांत कोणी संस्था चालवायला शिकत नाही, तेव्हा तिला प्रशिक्षणाच्या खात्यात धरू नका. २००४ मध्ये इस्रायल सरकार आणि ज्यूइश एजन्सीने मिळून उभं केलेलं 'मासा' हे त्यापेक्षा दमाचं. काही महिने राहणं, शिकणं, काम करणं. हिब्रू खरोखर हवी असेल तर ही वाट बरी. तिसरी म्हणजे स्टॉकहोममधली 'पाइडिया', २००० साली सुरू झालेली, जिथे वर्षभर ज्यू ग्रंथ आणि विचार यांचा इंग्रजीतून अभ्यास होतो. ज्याला प्रश्न पडतात, ज्याला सिद्दुर (प्रार्थनेचं पुस्तक) नुसतं म्हणून समाधान होत नाही, त्याच्यासाठी ते वर्ष सोन्याचं.

अमेरिकेतल्या नावाजलेल्या योजनांचा मोह आवरा असं मी सांगेन. वेक्सनर फाउंडेशनची शिष्यवृत्ती घ्या, ती उत्तर अमेरिकेतल्या ज्यू संस्था नजरेसमोर ठेवून आखलेली आहे. तिथे संस्थेत पगारी संचालक असतो, त्याच्यावर देणगीदारांचं मंडळ असतं, आणि शिकून आलेल्याला नोकरीची शिडी असते. आपल्याकडे मुकादमापासून गब्बायपर्यंत सगळे मानद, नोकरीधंदा सांभाळून येणारे. तिथले धडे इथे जसेच्या तसे लावायला गेलं तर माणूस निराश होतो.

आणि परत न येण्याचं भय? ते खरं आहे. १९४८ च्या सुमारास आपण वीस हजारांच्या घरात होतो, आज सगळे भारतीय ज्यू मिळून काही हजार. इस्रायलमधल्या दिमोना, अश्दोद, लोद, बेर्शेबा इथे आपलीच घरं आहेत. आमचा तिसरा उमेदवार, म्हणजे उमेदवार मुलगी, तिकडे गेली आणि तिकडेच राहिली. काही जण म्हणाले, पैसे वाया गेले. मला तसं वाटत नाही. १९६२ ते ६४ या काळात तिथल्या मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कार्यालयाने आपल्या विवाहांवर शंका घेतली, तेव्हा तिकडे गेलेल्या आपल्याच लोकांनी धरणं धरून ती लढाई लढली आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. तिथेही पुढारी लागतातच. पण कौलं बदलायची आहेत ती इथली, हेही तितकंच खरं.

तरी बाहेर शिकून परत आलेल्यांची उदाहरणं आपल्याकडे आहेत, आणि ती नीट बघण्यासारखी आहेत. डॉ. जेरुशा झिराड लंडनहून एम.डी. होऊन आल्या, त्यांनी कामा रुग्णालयाची धुरा वाहिली आणि १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभी केली. रिबेका रूबेन यांनीही इंग्लंडला शिक्षण घेतलं, आणि १९२२ पासून जवळजवळ तीन दशकं माझगावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका राहिल्या. ती शाळा म्हणजे हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये सुरू केलेली इस्राएलाइट स्कूल, नंतरची सर एली कदुरी शाळा. दोघींच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. परत आल्यावर हातात घ्यायला खरं काम इथे होतं. एकीला रुग्णालय, दुसरीला शाळा. आमची मुलगी गेली तेव्हा आम्ही तिच्यासाठी काय राखून ठेवलं होतं? एक रिकामी खुर्चीसुद्धा नाही. "ये, मग बघू," एवढंच म्हणालो होतो.

इथलंच व्यावसायिक शिक्षण

समाजकार्याची पदवी, कायद्याचा किंवा संस्था व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून हे शिकवते आहे. धर्म इथे शिकायला मिळणार नाही, पण कागदांची भीती जाते. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा सरकारदरबारी आपल्यासाठी काय आहे हे वाचून सांगणारा माणूस हवाच. कब्रस्तानाच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे हे तुमच्या समितीत एकालाही ठाऊक नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ही वाट धरा.

मग निवडायचं कसं

तुमचा हझ्झान सत्तरीचा असेल आणि त्याच्या चाली दुसऱ्या कोणाला येत नसतील, तर या वर्षी एकही रुपया बाहेर घालवू नका. दोघांना त्याच्या शेजारी बसवा, शनिवारी एकाने वाचावं, पुढच्या शनिवारी दुसऱ्याने. म्हातारपण थांबत नाही, स्टॉकहोमचा अभ्यासक्रम पुढच्या वर्षीही असतो.

हझ्झान धडधाकट असेल, माणसं असतील आणि फक्त व्यवस्थेचा गोंधळ असेल, तर मुंबईच्या संस्थेत वर्षभर पाठवणं सगळ्यात स्वस्त आणि लवकर फळ देणारं. मात्र पाठवताना महिन्यातला एक शनिवार आपल्या सिनेगॉगसाठी राखायची अट घाला.

परदेशी पाठवायचं तर माझा आग्रह एकच आहे. जाण्याआधी त्या माणसाने इथे निदान एक वर्ष खऱ्या जबाबदारीचं काढलेलं असावं, सहीच्या अधिकारासह. आणि परत आल्यावर कोणतं काम त्याचं, हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन, मगच तिकीट काढावं. यावर आमच्याकडे वाद झाला. एक काका म्हणाले, आधीच पद दिलं तर मुलं शेफारतील. मी त्यांना आमच्या पहिल्या उमेदवाराची अकरा वर्षं आठवून दिली. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "घाल त्यात माझी सही."

आत्ता आमच्याकडे सव्वीस वर्षांची एक मुलगी आहे, सीएची आर्टिकलशिप करणारी. तिला पाइडियाला जायचंय, आणि तिचे प्रश्न ऐकले की वाटतं हिने जावंच. गेल्या महिन्यापासून तिजोरीची एक किल्ली तिच्याकडे आहे, दुसरी गब्बायकडे, आणि धनादेशावर दोघांच्या सह्या. तिच्या आतेभावाला हझ्झानच्या शेजारी बसवलंय. त्याचा आवाज चांगला आहे, उठायचा तेवढा कंटाळा. दरफळणीच्या सणाआधी (योम किप्पुरआधी) तिचं नाव विश्वस्त म्हणून घालून बदल अर्ज दाखल करायचा आहे, या वेळी ९० दिवसांच्या आत. स्टॉकहोमचा अर्ज ती त्यानंतर भरेल.